वन्संचा हात

गवताच्या बाबतीत आमच्या वन्संपुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. कापलेलं गवत उन्हात पसरलं की शेजारपाजारचे आमच्या दारात येऊन विचारायचे, "वन्सं काय म्हणतात?" साऱ्या गावाच्या त्या वन्संच. माझं हक्काचं नातंसुद्धा लोकांनी पळवलं.

वरवरचं गवत कुणालाही वाळलेलं दिसतं, त्याला काय अक्कल लागते? वन्सं थेट तळात हात घालायच्या, मूठभर गवत उपसून पिळायच्या आणि एकेक काडी पेरापाशी नखाने दाबायच्या. पानं कुरकुरीत झाली तरी पेरात ओल दडून बसते. बोटाला जरा गार लागलं की त्या मान हलवायच्या, आणि गठ्ठे बांधायचं यंत्र घेऊन आलेला माणूस गुमान माघारी जायचा. ओलसर गवताचे गठ्ठे रचून ठेवले तर आतल्या आत तापतात आणि एक दिवस आपणहून पेट घेतात. आमचं कोठार तर गोठ्याला चिकटूनच होतं.

त्या वर्षी वन्संच्या हातून कप निसटायला लागले. मी फणकारले, "लक्ष कुठंय तुमचं?"

"म्हातारपण गं," म्हणाल्या आणि काचा गोळा करायला वाकल्या.

साखरेच्या आजाराने त्यांची बोटं बधिर होत चालली होती. डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, घरात कुणाला नाही. सांगणार तरी काय? भावाच्या घरात जन्म काढलेली बाई, त्या हातांच्या जोरावरच तर मान ताठ ठेवून होती.

ढग जमायला लागले. हे घायकुतीला आले. "अक्का, झालं का?"

वन्संनी गवत पिळलं, काडी दाबली. "बांधा," म्हणाल्या. कोठार छतापर्यंत भरलं.

काही दिवसांनी गोठ्यात गेले तर साखर करपल्यासारखा वास. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी लाकडी मुठीची लांब सळई गठ्ठ्यांत खुपसून ठेवली, बऱ्याच वेळाने ओढून काढली आणि टोक बहिणीपुढे धरलं. आमच्याकडे तीच रीत, सळई पारखायची वन्संनी. त्यांनी टोक मुठीत घट्ट धरलं.

"गार आहे."

माझा जीव भांड्यात पडला. आम्ही जेवायला बसलो. वन्संनी घासाला हात पुढे केला आणि मला दिसलं, तळहातभर टरारलेले फोड.

"अहो, हात बघा त्यांचा!" मी किंचाळले.

वन्संनी तळहाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. "अगं बाई," म्हणाल्या, "गरम होतं का?"

आम्ही गोठ्याकडे धावलो. दावी सोडून गाई बाहेर हाकलल्या. गाभण गाय तेवढी हटून बसली, काही केल्या उठेना.

"तू हो बाहेर, मी आणतो तिला," हे म्हणाले.

मी अंगणात पोचते न पोचते तोच कोठारात मोठा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला आणि पेटलेलं छप्पर गोठ्यावर बसलं. ना गाय बाहेर आली, ना हे.

लोक म्हणाले, हाकलून दे तिला. मीही काय काय बोलले त्यांच्या तोंडावर, बोलू नये ते सगळं बोलले. त्यांनी मान वर केली नाही. मी माफ केलंय असं कुणी समजू नका. अजूनही भांडी आपटते, अजूनही कधी दिवसदिवस बोलत नाही. पण त्या जातील कुठे? आणि मला तरी त्यांच्यावाचून कोण राहिलंय?

सकाळी चहाचा कप मी आधी माझ्या गालाला लावून बघते, मग त्यांच्या हातात देते.

"गरम आहे, वन्सं."

"हो का?" म्हणतात, आणि मी "प्या आता" म्हणेपर्यंत कप तसाच धरून बसतात.