पुस्तक उघडं ठेवून नापास

समोर पुस्तक उघडं ठेवून नापास होणारी माणसं जगात थोडीच असतील. त्यातला मी एक. नव्वदच्या दशकात मी नगरातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो, राहायला केडगावला. आमच्या खात्याच्या परीक्षेत नियमांच्या पेपरला पुस्तकं जवळ ठेवायची मुभा असायची. लोक म्हणायचे, मग अवघड काय त्यात? अवघड हे, की प्रश्न समजून घ्यायचा, नेमका नियम हुडकायचा आणि वेळेत लिहायचा. मला नियम सापडायचा तेव्हा शिपाई घंटा देत असायचा.

आता शेवटची संधी उरली होती. तीही हुकली तर ज्येष्ठता जाणार आणि ज्याला मी टिपणी लिहायला शिकवलं तो नवा कारकून माझ्या वर बसणार. तो आतापासूनच विचारायचा, "अण्णा, उद्या मी साहेब झालो तर तुम्हाला अण्णाच म्हणू ना?"

दुखणं जुनं होतं. लहानपणी वडिलांचा हुकूम, अभ्यास मोठ्यानं करायचा. आवाज थांबला की बाहेरून आरोळी यायची, "झोपलं का काय रे?" त्यामुळे डोळे आणि जीभ एकाच जुवाला जुंपली गेली, ती कायमची. मनात वाचायला बसलो तरी ओठ हलायचे. प्रत्येक ओळीवरून पुन्हा मागे जायचो. आणि डोकं? ते तिसऱ्याच रानात चरत असायचं.

बायकोचा भाऊ पुण्याला भरभर वाचायच्या कुठल्याशा वर्गाला जाऊन आलेला. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही जिभेनं वाचता. ओठ बंद ठेवा, ओळीवर बोट ठेवू नका आणि काही झालं तरी मागे जाऊ नका."

ओठ बंद राहावेत म्हणून मी दातात पेन्सिल धरून बसू लागलो. रजेच्या नियमांवर लाळ गळायची. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, लगाम घातल्यागत दिसताय. आता टाच मारली की पळाल का?"

पळालो खरा, पण भलत्याच ठिकाणी. वर्षावास चालू होता. त्या तीन महिन्यांत आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि आवाज बरा म्हणून वाचायचं काम दरवर्षी माझ्याकडे. म्हटलं, मागे न जाता भरभर वाचायचा सराव इथंच करू. त्या संध्याकाळी असा सुटलो, की भाग कधी संपला कुणाला कळलंच नाही. वाचन संपलं की सगळे "साधू, साधू, साधू" म्हणतात. मी ग्रंथ मिटला आणि सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

पुढं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "दादा, यष्टी चुकंल म्हनून वाचतूस का? तो रागारागानं आलेला मानूस, त्याला भगवंतांनी काय सांगितलं रं?"

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. आताच, माझ्याच तोंडून गेलेलं! "मावशी, परीक्षा झाली की सांगतो," एवढं बोलून मी चपला शोधू लागलो.

घरी येऊन पेन्सिल फेकली. बायकोला म्हणालो, "मी एक नियम वाचतो. मग पुस्तक मिटून तुला सांगतो. समजलं नाही तर विचार." रेडिओ बंद केला, दार लोटलं. ती तर विचारायला टपलेलीच. प्रत्येक वाक्याला, "म्हणजे काय?" एका नियमात संध्याकाळ संपायची. मी चिडायचो, ती चिडायची, भाजी करपायची. पण कुणीतरी विचारणार आहे म्हटल्यावर डोकं रान सोडून ओळीवर यायचं, हेही खरं.

अर्जित रजा वापरली नाही तर पुढं साठत जाते, हा नियम सांगून झाला तेव्हा ती भाजी निवडणं थांबवून म्हणाली, "म्हणजे माझ्या भावाच्या लग्नात तुमची रजा शिल्लक होती."

"तसं नाही..."

"रजा संपली म्हणाला होता तुम्ही. मी एकटी गेले होते."

मी नियम पुन्हा वाचला. शिल्लक होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक नियम पुरता समजला आणि त्याचं बक्षीस म्हणून दोन दिवस घरात अबोला.

परीक्षेत ओठ हलायचे ते हललेच. पर्यवेक्षक येऊन उभे राहिले. "कुणाला सांगताय?"

"बायकोला, साहेब."

त्यांनी मला उचलून भिंतीजवळच्या बाकावर एकट्याला बसवलं. तिथं मी प्रत्येक प्रश्नाला आधी "म्हणजे काय?" विचारलं आणि मगच पुस्तक उघडलं. तरी शेवटचा प्रश्न राहिलाच. घंटा झाली तेव्हा असा संताप आला, की पेन मोडावंसं वाटलं.

निकाल लागला. काठावर पास. नवा कारकून पेढा खाताना म्हणाला, "चला, तुम्ही अण्णाच राहिलात."

मावशींना पेढा द्यायला गेलो. त्यांनी तो पदराला बांधला आणि म्हणाल्या, "परीक्षा झाली म्हन्तूस. मग सांग, त्या रागानं आलेल्या मानसाला काय सांगितलं?"

मागे जायचं नाही, या मेव्हण्याच्या नियमापायी तो भाग परत उघडलाच नव्हता.

"संध्याकाळी विहारात या," मी म्हणालो. "परत वाचतो."

"आन् वळीवर बोट ठिवून वाच," मावशी म्हणाल्या.