रेडिओच्या तोंडातला तीळ

कवळ्या बनवणाऱ्याला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला रेडिओ म्हणत, आणि तोही बिनदिक्कत ओ देई. हे नाव त्याने मेहनतीने कमावलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या तोंडात साच्याचं मेण भरायचं आणि आपण सुरू व्हायचं, ही त्याची पद्धत. मेण घट्ट होईपर्यंत समोरच्याला बोलता येत नाही आणि उठूनही जाता येत नाही. त्या पाच मिनिटांत रेडिओ स्वतःच्या मूळव्याधीपासून शेजारच्या शिंप्याच्या सासुरवाडीतल्या भांडणापर्यंत सगळं सांगून टाकी. माणूस दात घ्यायला यायचा आणि बातम्या घेऊन जायचा.

बायको मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. बोलायला मोजकी, हसायला मोकळी. हसली की मागच्या दाढांपर्यंत सगळं दुकान उघडं. ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती आणि महिन्यातले दहा-बारा दिवस दौऱ्यावर असायची. कुठल्या बाजारात कुणाचा तराजू खोटा निघाला, कुणी वजनाच्या बुडाला मेण लावलं होतं, हे ती कधीच सांगत नसे. ते रेडिओ सांगे. रोज, मोठ्याने, नवीन तपशिलासह. गल्लीतल्या दुकानदारांनी केवळ त्याच्या तोंडाच्या धाकाने आपापले काटे नीट ठेवले होते.

लग्नाला बावीस वर्षं झाली आणि एका सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बायकोचा फोटो आला. खाली छापलं होतं की वजनमापे खात्याच्या निरीक्षक म्हणून वावरणाऱ्या या बाई प्रत्यक्षात गुप्तचर खात्यातल्या अधिकारी आहेत, असं ‘वरिष्ठ सूत्रांकडून’ कळतं.

भानगड अशी होती. मंत्रीमहोदयांनी भर सभागृहात टेबल बडवून सांगितलं होतं की शेजारच्या देशात एका कारखान्यात भयंकर शस्त्रं बनतायत. बायको तो कारखाना स्वतः पाहून आली होती आणि तिने अहवाल दिला होता की तिथे पाण्याचे पंप बनतात. बऱ्यापैकी पंप आहेत, एवढंही लिहिलं होतं. हा अहवाल बाहेर फुटला आणि मंत्र्यांचं हसं झालं. मग त्यांच्या कार्यालयातल्या दोन बड्या अधिकाऱ्यांनी एका पत्रकाराला जेवायला नेलं आणि अहवाल लिहिणारी बाई कोण, कुठे राहते, कशाच्या आडून काम करते, सगळं त्याच्या ताटात वाढलं. सूड उगवायचा तर माणसं जेवायला कशाला न्यावी लागतात, ते त्यांनाच ठाऊक.

घरात सगळ्यात आधी तोंड उघडलं ते रेडिओच्या आईने. तिला या बातमीने फार दुखावलं होतं.

“माझ्या कपाटाची किल्ली आठ वर्षं सापडत नाहीये,” ती म्हणाली. “आणि घरात गुप्तहेर. एकदा तरी शोधली असतीस गं.”

“आई, ती गादीखाली आहे,” सून म्हणाली. “तुम्हीच ठेवलीय.”

किल्ली गादीखालीच होती. त्या दिवसापासून म्हातारी सुनेसमोर जरा जपून बोलू लागली.

विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. देशासाठी जिवावर उदार होणाऱ्या बाईला उघडं पाडलं कुणी, याचं उत्तर द्या म्हणाले. सरकारने निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली आणि दुसऱ्याच दिवशी उत्तरही तयार ठेवलं. बातमी कार्यालयातून नव्हे, घरातून फुटली. बाईंचे यजमान प्रसिद्ध बडबडे आहेत, त्यांना लोक रेडिओ म्हणतात, आणखी पुरावा काय हवा? एकदा समितीने हे मान्य केलं, की दोन्ही अधिकारी सुटणार होते, आणि नवऱ्याला सरकारी गुपित सांगितलं म्हणून बायको नोकरीतून जाणार होती, कदाचित तुरुंगातही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सगळी तयारी झाली होती.

बायकोला घरी बसवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता तिने एकदाच विचारलं, “अहो, तुम्ही कुणाला काही बोलला होतात का?”

“मला ठाऊक असतं तर बोललो असतो ना,” रेडिओ म्हणाला.

तिने मान डोलावली. हे उत्तर इतकं पटण्यासारखं होतं की तिने पुढे काही विचारलं नाही. रेडिओ दुकानात जाऊन बसला आणि एका गिऱ्हाइकाचं मेण त्याने तोंडातच विसरून जवळजवळ दगड होऊ दिलं.

कारण रेडिओला ठाऊक होतं. आजपासून नाही, सोळा वर्षांपासून.

सोळा वर्षांपूर्वी ती तीन आठवड्यांच्या दौऱ्यावरून परत आली. दोनशे किलोमीटरवरच्या बाजारपेठेत वजनं तपासत होते म्हणाली. त्या संध्याकाळी शिंप्याने काहीतरी विनोद केला, ती खदखदून हसली आणि रेडिओला खालच्या डाव्या दाढेवर नवी कॅप दिसली. आता दाढेची कॅप म्हणजे त्याचं रोजचं काम. कुठल्या कारागिराचा हात आहे हे तो लांबून ओळखी. आपल्याकडे गिऱ्हाइकाला दात पांढराशुभ्र लागतो, पैसे दिले ते दिसायला नकोत का? या कॅपवर मात्र कारागिराने मधल्या खाचेत मुद्दाम फिकट तपकिरी डाग काढला होता, वीस वर्षं चहा प्यायलेल्या दाढेसारखा. नवी दाढ जुनी दिसावी म्हणून. असं काम करणारा माणूस या देशात नव्हता. रेडिओने ते फक्त धंद्याच्या मासिकात पाहिलं होतं, परदेशी कारागिरांच्या पानावर.

दोन दिवस त्याला वाटलं, बायकोचं कुणा दातवाल्याशी सूत जुळलंय. जळफळाटाने तो चक्क गप्प बसला, आणि गल्लीत तो आजारी असल्याची बातमी पसरली. तिसऱ्या दिवशी ती भाजी घेताना तो मागे उभा होता. भाजीवाल्याने काट्याला खुशाल बोट लावलं आणि वजनमापे खात्याच्या निरीक्षक बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. पण रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या दोन माणसांकडे तिने तीनदा पाहिलं. तिचे दौरे आणि वर्तमानपत्रातल्या परदेशी बातम्या त्याने मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कोडं सुटलं. त्याच आठवड्यापासून तराजूंच्या गोष्टी सुरू झाल्या. खोटं सांगायचं तर मोठ्याने सांगावं आणि रोज सांगावं, म्हणजे ऐकणारा कंटाळतो आणि प्रश्न विचारत नाही, एवढं बोलण्याचं शास्त्र त्याला येत होतं.

चौकशी एका लांबलचक सरकारी दालनात होती. छताचा पंखा कुरकुरत होता. बायको मागच्या रांगेत हात जुळवून बसली होती आणि ते दोन अधिकारी पुढच्या रांगेत पायावर पाय टाकून.

सरकारी वकिलाने आधी शिंप्याला उभं केलं. रेडिओ किती बोलतो, हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं होतं. शिंपी तयारच होता. त्याने अर्धा तास मन मोकळं केलं. मग बायकोच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, “आपली बायको गुप्तहेर आहे, असं हे गृहस्थ कधी म्हणाले?”

“कधीच नाही साहेब,” शिंपी म्हणाला. “ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्याला ठाऊक असतं तर आम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. मला काय, समोरच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा.”

दालनात हशा पिकला. रेडिओची अब्रू पार धुळीला मिळाली आणि त्याला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पण आता त्याचीच पाळी होती. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, अशी शपथ त्याला घ्यावी लागली. गल्लीत थापा मारणं वेगळं, शपथेवर वेगळं.

“आपल्या पत्नी काय काम करतात हे तुम्हाला ठाऊक होतं का?” सरकारी वकिलाने विचारलं.

“साहेब, त्याचं असं आहे,” म्हणून रेडिओने सुरुवात केली. बुडाला मेण लावलेली वजनं, पोकळ वजनं, एका बाजूने जड दांडी, दरवर्षी उमटवायचा शिक्का आणि त्याची कलमं, सगळं झालं. वीस मिनिटांनी लेखनिकाने पेन खाली ठेवून बोटं मोडली.

“हो की नाही?” वकील म्हणाला.

“हो की नाही असं एका शब्दात सांगायचं, तर लग्नापासून सुरुवात करावी लागेल,” रेडिओ म्हणाला आणि खरोखरच केली.

शेवटी न्यायमूर्तींनी हात वर केला. ते सकाळपासून फारसे बोलले नव्हते. तीन शब्द बोलायचे, थांबायचे, जिभेने उजवा गाल आतून ढकलायचे. “तुम्हाला... ठाऊक होतं... का?” ते म्हणाले. “तिसऱ्यांदा... विचारतोय.”

 रेडिओने मागे बायकोकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तो संपला असता. तो न्यायमूर्तींच्या तोंडाकडे पाहत होता. आणि जे दिसलं त्याने त्याच्यातला कारागीर जागा झाला.

“साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो,” तो म्हणाला. “खालची कवळी उजव्या कडेला हिरडी सोलतेय ना? बोललं की आग होते, म्हणून तुम्ही शब्द वाचवताय.”

वकील ताडकन उभा राहिला. न्यायमूर्तींनी त्याला हातानेच बसवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“सात वर्षं,” ते म्हणाले. “कुणाच्या... लक्षात... आलं नाही.”

“पाच मिनिटांचं काम आहे. कानस माझ्या खिशात असते.”

समितीने पंधरा मिनिटांची विश्रांती घेतली. प्रसाधनगृहात रेडिओने कवळी धुतली, कड घासली, अंगठ्याने पाहिली, पुन्हा घासली. त्या अवधीत देशाचे निवृत्त न्यायमूर्ती बिनदातांचे, हात मागे बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे उभे होते आणि रेडिओ त्यांना शिंप्याच्या सासुरवाडीची हकिकत सांगत होता. अर्धवट राहिलेला प्रश्न दोघांनीही काढला नाही.

परत आलेले न्यायमूर्ती वेगळेच होते. सात वर्षांचं साठलेलं बोलणं त्यांच्या जिभेवर आलं होतं. रेडिओला जायला सांगून त्यांनी त्या दोन अधिकाऱ्यांना बोलावलं आणि सलग तीन तास प्रश्न विचारले, अस्खलित, उपप्रश्नांसह. हॉटेल कुठलं, टेबल कुठलं, आधी तोंड कुणी उघडलं. पहिल्या अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे, आणि चहाच्या सुमारास दोघांनी मिळून मंत्र्यांकडे.

मग जे व्हायचं ते झालं. अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. मंत्रीमहोदयांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून, डोळे पुसून, राजीनामा दिला. पंधरा दिवसांनी त्यांना दुसरं लहानसं खातं मिळालं, वजनमापे. बायको निर्दोष ठरली. पण चेहरा सगळ्या जगाला माहीत झालेल्या बाईला गुप्तचर खातं काय करणार? तिला कायमची बदली मिळाली. तीही वजनमापे खात्यात. म्हणजे ज्याने तिचं सोंग उघडं पाडलं, त्याच्याच हाताखाली ते सोंग खरं करून दाखवायची वेळ तिच्यावर आली. राज्यकारभार कसा चालतो हे ज्याला समजत नसेल, त्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

रुजू होण्याच्या आदल्या दुपारी ती दुकानात आली. रेडिओ प्लास्टर कालवत होता.

“अहो, मला त्या खात्यातलं काही येत नाही,” ती म्हणाली. “तराजू कसा तपासतात तेवढं तरी सांगा. तुम्ही इतकी वर्षं सांगताय लोकांना.”

“मी काय, थापा मारायचो.”

“थापा कशा? समितीपुढे शिक्क्याचे नियम सांगितलेत, कलमांसकट. मी काल कायदा वाचला. बरोबर होते सगळे.”

रेडिओ एकदा मेणाच्या खणाकडे बघून कालवतच राहिला. गप्प. तिने बावीस वर्षं माणसांच्या गप्प राहण्यावर पोट भरलं होतं. ती सरळ मेणाच्या खणाशी गेली, तो उपसला आणि तळातून एक जाडजूड पुस्तक काढलं. वजनमापे खात्याची नियमावली. पानं मळलेली, ओळींखाली पेन्सिलच्या रेघा. आणि पहिल्या पानावर, प्रत्येक वस्तूवर तारीख घालायच्या त्याच्या खोडीप्रमाणे, विकत घेतल्याची तारीख.

तिने तारखेवर बोट ठेवून वर्षं मोजली.

“सोळा वर्षं?” ती म्हणाली. “तुम्ही?”

“खालची डावी दाढ,” रेडिओ म्हणाला. “तो डाग आपल्याकडे कुणी काढत नाही.”

“मला का नाही सांगितलंत? दुसऱ्यांना नाही, निदान मला.”

प्लास्टर हातातच घट्ट व्हायला लागलं होतं. रेडिओला आयुष्यात पहिल्यांदा शब्द शोधावे लागत होते.

“सांगितलं असतं तर तू तोंड मिटून हसायला लागली असतीस,” तो म्हणाला.

ती खुर्चीत बसली, गिऱ्हाइकांच्या. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं, नेहमीसारखं, मागच्या दाढांपर्यंत. रेडिओने सवयीने वाकून पाहिलं.

“कड झिजलीय,” तो म्हणाला. “नवी करावी लागेल.”

“तो डाग जमेल तुम्हाला?”

रेडिओने दुसरा खण ओढला. आत कापसावर ओळीने दाढा मांडून ठेवलेल्या होत्या, तीसेक तरी. पहिल्या दाढांवरचे डाग शाई सांडल्यासारखे होते. शेवटच्या तीन-चार कुणीही खऱ्या समजला असता.