करवलीच्या गालावरची हळद

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. आता लपवून कुणाला वाचवायचं आहे?

आमच्या पेडगावात सुनंदाताई आशा सेविकेचं काम करतात. शिक्षण बेताचं, पण नजर — काय सांगू! धाकट्या दिराच्या हळदीच्या दिवशी त्या सहज घरी आल्या. माझ्या लेकीला दोन दिवस ताप होता, कान ठणकत होता, घास चावेना. दाढ असेल, मी म्हटलं. ताईंनी तिला चिंचेचं बोटूक दिलं. पोरीनं जबडाच धरला. मग त्यांनी तिची मान उजेडाकडं वळवली.

"वैनी, कानाची पाळी बगा, वर उचललीय. जबड्याची कड बी दिसंना. दाढ न्हाई, गालफुगी हाय ही. पाच दिस पोरांत सोडू नका."

मी हो म्हटलं. आणि सोडलं.

कारण? लेक करवली होती. ती घरी राहिली असती तर तो मान थोरल्या जाऊबाईंच्या बबीला गेला असता — एवढंच. मी तिच्या दोन्ही गालांवर हळदीचा जाड थर दिला. सूज कुणाला दिसली नाही. "करवली लईच पिवळी झाली की गं!" बायका हसल्या. मीही हसले. दोघी पोरी एका ताटात जेवल्या.

पंधरा-वीस दिवसांनी बबीचे गाल सुजले. ताप उतरला, पण डावा कान गेला — कायमचा.

जाऊबाई भर अंगणात सुनंदाताईंवर तुटून पडल्या. "गावभर हिंडतीस, साथ आली ती कळली न्हाई व्हय गं तुला?" ताईंनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी पदर सारखा करत राहिले. माझं नाव सांगायला एक शब्द — एकच — त्यांना पुरला असता. पण त्या "आधी परभणीला कान दाखवू," म्हणाल्या, बबीला कडेवर घेतलं नि रस्त्याला लागल्या. शिव्या खाल्लेल्या तोंडानं पुढं किती खेपा केल्या त्या बाईनं! असं काळीज कशाचं असतं?

बबी आता कॉलेजात आहे. जाऊबाई अजून सुनंदाताईंना उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. त्यांच्याकडची गोळीसुद्धा माझ्या हातून मागवतात. म्हणतात, विश्वासाचं माणूस तूच.

मी नेऊन देते.