खांबावरची काच

दिल्लीत येऊन कुतुबमिनार न पाहता परत गेलेला माणूस एक वेळ सापडेल, पण आमच्या भाऊजींकडे चहाला जाऊन इन्सुलेटर न पाहता परत आलेला माणूस अजून जन्माला यायचाय. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मंत्रालयाचं नाव मी सांगत नाही, कारण ते इतक्यांदा बदललं की भाऊजींनाही दारावरची पाटी वाचूनच सांगावं लागायचं. लक्ष्मीबाई नगरात त्यांचं सरकारी क्वार्टर आणि दोन गल्ल्या सोडून आमचं, त्यामुळे त्यांचा छंद ताईखालोखाल कुणी सोसला असेल तर तो मी. मेहुणीच्या नात्याने थट्टा करायचा हक्क माझाच, आणि तो मी कधी वाया घालवला नाही.

इन्सुलेटर म्हणजे काय, असं विचारण्याची चूक आमच्याकडे कुणी करत नाही. विचारलं की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. तेव्हा मीच थोडक्यात सांगते. तारायंत्राच्या जुन्या खांबांवर, आडव्या पट्टीवर, उपड्या वाटीसारखं काहीतरी बसवलेलं असायचं आणि त्याच्या मानेभोवती तार बांधलेली असायची. तारेतली वीज खांबातून जमिनीत उतरू नये म्हणून ही सोय. आपल्याकडे या वाट्या बहुतेक पांढऱ्या चिनी मातीच्या. क्वचित कुठे काचेच्या, हिरव्या नाहीतर निळसर, आणि भाऊजींचा जीव तेवढा काचेच्यांत अडकलेला. मी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, पण ही वस्तू करते काय?" म्हणाले, "काहीच करत नाही. तेच तिचं काम. वरून कितीही करंट आला तरी तो खाली पोचू द्यायचा नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "दिसतं तितकं सोपं नाही ते. मी सगळी नोकरी तेच केलंय."

दर रविवारी सकाळी पिशवीत पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि जुनं धोतर फाडून केलेली फडकी घेऊन स्वारी निघायची. शेजारपाजारच्यांना वाटे, साहेब देवदर्शनाला जातात. साहेब जायचे मायापुरीच्या भंगारबाजारात, नाहीतर कुठल्यातरी पॅसेंजरने हरियाणातल्या अशा स्टेशनांवर, की जिथे गाडी थांबली तर गाडीलाच ओशाळल्यासारखं व्हावं. रेवाडीच्या बाजूला अशाच एका स्टेशनाबाहेर गंजलेल्या खांबावर त्यांना एक हिरवा इन्सुलेटर दिसला. दुसरा कुणी असता तर त्याने दहा रुपये देऊन कुणालातरी वर चढवलं असतं. पण भाऊजी पडले सरकारी माणूस. खांबावरची वस्तू ती सरकारी मालमत्ता, ती काढायची तर परवानगी पाहिजे. त्यांनी रीतसर अर्ज केला. एका खात्याने कळवलं की खांब दुसऱ्या खात्याचा आहे, दुसऱ्याने कळवलं की तो पहिल्याचा आहे, आणि मग दोघांनी मिळून विचारलं की मुळात हा खांब आपल्या निदर्शनास आलाच कसा. तेव्हा भाऊजींनी ठरवलं की इन्सुलेटर आपण होऊन खाली पडेपर्यंत थांबायचं, कारण खाली पडलेला इन्सुलेटर हा त्यांच्या मते मालमत्ता नसून कचरा होता. दर महिन्याला जाऊन ते त्या खांबाखाली गवतावर रुमाल टाकून बसायचे. एकदा तिथल्या एका शिपायाला संशय आला. "ताऊ, यहाँ बैठे-बैठे के कर रहे हो?" "इंतज़ार." "किसका?" भाऊजींनी वर बोट केलं. "उसके गिरने का." शिपाई बराच वेळ वर पाहत राहिला आणि मग शेजारी बसून त्याने बिडी पेटवली. तिथून पुढे तोच राखण करायचा. एका आंधीत खांब कलंडला आणि तो हिरवा इन्सुलेटर गवतात सुखरूप उतरला, तेव्हा शिपायाचा फोन आला. भाऊजींनी त्या दिवशी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या जागी लिहिलं, घरगुती मंगल कार्य.

मेट्रोवाल्यांशी तर त्यांचं कायमचं वाकडं. पिशवी मशीनमधून गेली की पडद्यावर काय दिसायचं देव जाणे, पण समोरचा जवान खुर्चीतून उठायचाच. "अंकल, साइड में आइए. ये क्या है?" भाऊजींना हा प्रश्न म्हणजे पर्वणीच. मागे अख्खी करोल बागेची गर्दी खोळंबलेली, आणि हे जवानाला काच उजेडात धरून तिच्यातले बुडबुडे दाखवतायत. एकदा मीही बरोबर होते. मागून कुणीतरी "अरे यार, चलो भी" म्हणून ओरडलं, तर भाऊजी वळून त्यालाही म्हणाले, "आप भी देख लीजिए." मी तेव्हा ओळख न दाखवता पुढच्या डब्यात जाऊन बसले, अगदी खरं सांगते.

घरात ताईने हौसेने शोकेस करून घेतलं होतं, लग्नात आलेल्या क्रोकरीसाठी. शोकेसमध्ये इन्सुलेटर आणि क्रोकरी दिवाणाखाली खोक्यात. महिन्यातून एकदा सगळ्या काचांना रिठ्याच्या पाण्याने आंघोळ. मग बाथरूम दुपारपर्यंत बंद, आणि घरच्यांनी आपापल्या आंघोळी उरकून घ्यायच्या नाहीतर सोडून द्यायच्या. सिमल्याला गेले होते दोघं, त्या फोटोंत ताई कुठे कोपऱ्यात, कुठे अर्धी, एकात तर नुसता पदर. मधोमध मात्र खांब, पायथ्यापासून टोकापर्यंत. ताई कधी भांडली नाही. पाहुण्यांपुढे भाऊजींचं प्रवचन सुरू झालं की ती परातीत मेथीची जुडी घेऊन बसायची आणि मान खाली घालून निवडत राहायची. त्या घराने जितकी मेथी खाल्ली तितकी सगळ्या पुण्याने खाल्ली नसेल. मला वाटायचं, बिचारीने कान बंद करून घेतलेत, आणि बरंच केलंय.

मग भाऊजी रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. नोएडात त्यांनी दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन ठेवला होता, चौदाव्या मजल्यावर. ताईने इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक अट घातली. "तिथल्या शोकेसमध्ये माझी क्रोकरी राहील. माझं निम्मं आयुष्य ती दिवाणाखाली होती." अट न्याय्य होती, भाऊजींनी नाही म्हटलं नाही. पण मग काचा ठेवायच्या कुठे? ते हिंडायला लागले. एका संग्रहालयातल्या साहेबांनी विचारलं, ही कुठल्या राजाने वापरली होती का. भाऊजी म्हणाले, राजाच्या तारा यांच्यावरूनच जायच्या. साहेबांनी चहा पाजला आणि जागा नाही म्हणून सांगितलं. एका इंजिनीअरिंग कॉलेजात म्हणाले, ठेवून जा, पण पावसाळ्यात त्या खोलीचं छत गळतं. शेवटी मायापुरीतला त्यांचा नेहमीचा भंगारवाला घेतो म्हणाला. भाऊजींचा चेहरा उजळला. त्यावर तो म्हणाला, "बस, साहब, तोड़ के लाना. काँच की भट्टी वाला साबुत नहीं लेता."

त्या संध्याकाळी मी ताईकडेच होते, हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू वळायला. भाऊजी आले ते पाय न धुता शोकेससमोर उभे राहिले. जेवायला बसले तेही शोकेसकडे तोंड करून. आयुष्यभर मी त्यांची टिंगल केली, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. फोडणार तर ते नव्हतेच. पण क्वार्टरची किल्ली परत करायचा दिवस जवळ आला होता आणि या पोरक्या काचांना कुणी दारात उभं करत नव्हतं.

ताईने त्यांच्या पानात आमटी वाढली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "यंदा माझं इथलं शेवटचं हळदीकुंकू. वाण अजून आणलं नाहीये. हेच देते."

भाऊजींचा हात ताटात थांबला. "इन्सुलेटर? बायकांना?"

"मग कुणाला देऊ?"

"त्या त्यात चटणी ठेवतील."

"ठेवू देत," ताई म्हणाली. "फोडणार तर नाहीत."

भाऊजी हात धुऊन आले ते फडकं घेऊनच. पुढचे दिवस त्यांनी घालवले ते बदल्यांचे हुकूम काढण्यात. नोकरीत कधी एवढ्या विचाराने कुणाची बदली झाली नसेल. कुठला इन्सुलेटर कुणाकडे जाणार, त्या घरात पूर्वेची खिडकी आहे का, पोरं दांडगी आहेत का, बाई वस्तू जपतात की माळ्यावर टाकतात, याची माझ्याकडे गुप्त चौकशी चालायची. कोपऱ्यावरच्या जोशीबाईंना हिरवा द्यायचा नाही, त्या सगळ्या वस्तू वापरून बघतात. वरच्या तमिळ मामींना द्यायचा, त्या रोज दिवा लावतात, काचेला सोबत होईल. समोरच्या पंजाबी भाभींबद्दल त्यांचं मत बनेना. "बाई चांगल्या आहेत, पण आवाज मोठा आहे," म्हणाले. आवाजाने काच फुटत नाही म्हणून मी खूप समजावलं, तेव्हा कुठे एक जाड बुडाचा निळसर त्यांच्या वाट्याला आला.

हळदीकुंकवाच्या दिवशी अर्थातच पुरुषांना बाहेर काढतात. भाऊजी बाहेर गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे तांदळाच्या डब्यावर बसून राहिले, आणि कुणी वाण उलटं धरलं की तिकडून खोकल्याचा आवाज यायचा. मी गुलाबपाणी शिंपडत होते. ताई ओटी भरून एकेकीच्या हातात कागदात गुंडाळलेलं वाण ठेवत होती. पंजाबी भाभींनी तिथेच कागद सोडला. "भाभीजी, है तो बड़ी सुंदर चीज़, पर ये है क्या?" सगळ्याजणी थांबल्या. मी मनात म्हटलं, आता ताई सांगणार, पेपरवेट है, और क्या.

ताईने ती काच भाभींच्या हातातून घेतली, खिडकीकडे धरली आणि म्हणाली, "इन्सुलेटर है. डबल पेटीकोट वाला."

बायकांत हशा पिकला. ताई मात्र हसली नाही. तिने काच फिरवून आतले दोन घेर दाखवले. म्हणाली, बाहेरचा घेर भिजतो, पाणी त्याच्या कडेवरून गळून जातं, आतला कोरडा राहतो, म्हणून धो धो पावसातसुद्धा तारेतला निरोप वाटेत जमिनीत उतरत नाही. हा बुडबुडा म्हणजे खोट नाही, काच घाईत ओतली होती, खूप लांबपर्यंत तार टाकायची होती तेव्हा. हा मायापुरीत मिळाला, जहाजाच्या भंगारात, दोन घेरांमध्ये वाळू अडकलेली होती, ती यांनी काडीने काढली. मग तमिळ मामींनी आपला पुढे केला, जोशीबाईंनी आपला, आणि ताई एकेकाची जन्मकथा सांगत गेली, मराठीत, हिंदीत, मध्येच इंग्रजीत, कुठे अडखळली नाही. मी गुलाबदाणी हातात घेऊन नुसती उभी. पडद्यामागचा खोकला केव्हाच थांबला होता.

लाडवांचं ताट भरून घ्यायला मी आत गेले. भाऊजी डब्यावरच होते. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. मला म्हणाले, "मला वाटायचं ती मेथी निवडते."

सगळ्या गेल्यावर मी ताईला गाठलंच. "तू हे सगळं ऐकत होतीस?" ताई उरलेलं कुंकू डबीत भरत होती. "रोज जेवताना तेच चालायचं घरात. कानांना काय झाकणं असतात?" म्हणाली, आणि मला पाट उचलायला लावला.

आता ते नोएडात असतात. शोकेसमध्ये क्रोकरी लखलखते. सोसायटीतल्या तारा सगळ्या जमिनीखालून गेलेल्या, नजर पोचेल तिथवर एक खांब नाही. काचा त्या त्या बायकांबरोबर बदल्या होऊन कुठे कुठे गेल्या, कुणी गुवाहाटीला, कुणी कोचीला. अधूनमधून ताईला एखादीचा फोटो येतो, दिव्याशेजारी ठेवलेला, नाहीतर खरोखरच चटणी भरलेला. भाऊजींचे रविवार मात्र ओस पडले. मागच्या रविवारी मी गेले तर गॅलरीत हात मांडीवर ठेवून बसले होते. एवढा बडबड्या माणूस, पण चहा संपेपर्यंत चकार शब्द नाही, आणि मला कधी वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं. अंधार पडायच्या आत मेट्रो गाठायची म्हणून मी पर्स उचलली. तेवढ्यात ताई आतून आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"तो आतला घेर कोरडा का राहतो, ते सांगा ना जरा."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत आहे."

"आहे माहीत. तरी सांगा."

भाऊजी जरा सावरून बसले आणि घसा साफ करून सांगायला लागले. मी पर्स खाली ठेवली.