मुतखड्याच्या नावाखाली

समजा, तुम्ही एका अरुंद पलंगावर उताणे पडला आहात. अंगावर हिरवी चादर, तीही बाजूला सारलेली. डॉक्टर गार जेल लावतात, टॉर्चएवढा एक दांडा लिंगावर टेकवतात आणि यंत्र सुरू करतात. टक्, टक्, टक्. दुखत नाही, कुणी सावकाश टिचक्या मारत असावं तसं वाटतं. तुम्ही फक्त दोन गोष्टी करायच्या. हलायचं नाही आणि लाजायचं नाही. पहिलं जमेल. दुसरं?

रविकिरणला दुसरंही जमलं, ते त्याच्या खोडीमुळे. तो लातूरच्या एका डाळमिलमध्ये फिटर. कुठलंही यंत्र चालू झालं की त्याचे कान टवकारतात. पहिल्याच खेपेला त्यानं पडल्या पडल्या मान उचलून विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडं असे ठोके बसले की बेअरिंग जातं. इथं ठोक्यानं दुरुस्ती कशी काय होऊन राहिली?"

डॉक्टर अवधूत हसले. "बेअरिंग लोखंडाचं. ते स्वतःला भरून काढत नाही. शरीराला हलका मार बसला की ते तिथं डागडुजी सुरू करतं, बारीक रक्तवाहिन्या नव्यानं फुटतात, असा अंदाज आहे."

"अंदाज?"

"अंदाजच. काहींना फरक पडतो, काहींना नाही. अभ्यास अजून चालू आहेत. मी खात्री देत नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलंय तुम्हाला."

सांगितलं होतं खरं. रविकिरण नांदेडला आला तेव्हा ताठरतेच्या गोळ्या घेऊन थकलेला होता. मित्राच्या सल्ल्यानं सुरुवात केली, तीही चुकीची. रक्तदाबाच्या गोळीसारखी, पोटभर मटण-भाकरी खाऊन घ्यायची आणि आपोआप काही होईल म्हणून वाट बघत पडायचं. डॉक्टरांनी ते आधी सुधारलं. हलकं जेवण, योग्य वेळ, दुसरी गोळी. तरी ताठरता येईना. मुरलेल्या मधुमेहानं रक्तवाहिन्या अरुंद केल्या असाव्यात, असं तपासणीत दिसलं. मग शुगर ताब्यात आणायला लावली, रोज चालायला लावलं आणि हा टकटक उपचार सुचवला. जाताना डॉक्टर म्हणाले होते, "एकदा मंडळींना घेऊन या." रविकिरण नुसता "हाव" म्हणाला आणि विसरल्यासारखं केलं.

कारण घरातलं दुखणं वेगळंच होतं. दर वेळी फजिती झाली की तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा, एक शब्द न बोलता. त्याच्या बायकोनं, राजश्रीनं, त्याचा एकच अर्थ काढला. ह्यांना आपला वीट आला. हळूहळू तिनं अंथरूण बाहेरच्या खोलीत सासूजवळ हलवलं. "आत्याबाईंचे गुडघे दाबावे लागतात," एवढंच म्हणाली. रविकिरणला बायको परत हवी होती. तिला खरं मात्र सांगवत नव्हतं.

दर आठवड्याला नांदेडला जायचं तर कारण लागतं. दवाखान्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मुतखडा मशीनने फोडला जातो'. मशीन तर मशीन. त्यानं घरी सांगून टाकलं, मुतखडा झालाय, फोडून घेतोय.

इथंच तो फसला. आपल्या भागात मुतखडा एकट्याचा नसतो. शिरूर अनंतपाळच्या माहेराहून त्याच्या आईनं, केवळाबाईनं, पिशवीभर हुलगे मागवले. राजश्री रोज सकाळी त्या हुलग्यांचं पातळ कढण, माडगं, शिजवायला लागली. शेजारच्या लक्ष्मीबाई पानफुटीचा पाला घेऊन आल्या. रविकिरण माडगं प्यायचा, पाला चावायचा आणि सारखा लघवीला पळायचा. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली.

एका संध्याकाळी केवळाबाईनं विचारलं, "रवी, खडा पडला का रं?"

"पडंल की."

"पडला की दाखीव. तुझ्या मामाचा पडला तवा आख्खी गल्ली बघून गेली. डबीत घालून ठिवलाय अजून."

हा प्रश्न रोजचाच झाला. शेवटी त्यानं मिलमध्ये, तुरीतले खडे वेगळे काढणाऱ्या यंत्राखालच्या ढिगातून हरभऱ्याएवढा एक खडा निवडला, कागदात गुंडाळला आणि घरी आणला.

केवळाबाई हरखली. "बग गं राजश्री! केवढा निघाला! माहूरच्या रेणुकामायला नारळ बोलले होते मी."

राजश्रीनं खडा तळहातावर घेतला, खिडकीशी नेला, नखानं खरवडला. स्वयंपाकघरात जाऊन तिनं कुकर चढवला आणि हाक मारली, "अहो, जरा इकडं या."

शिट्टी व्हायला लागली तेव्हाच तिनं तोंड उघडलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"हा तुरीतला खडा हाय."

"कशावरून?"

"लग्न झाल्यापास्नं डाळ निवडून राहिले मी. पिवळा भुगा लागलाय ह्याला." तिनं खडा ओट्यावर ठेवला. "नांदेडला कोण हाय तुमचं?"

संशय घेत ती इतक्या लांब पोचली असेल, हे रविकिरणच्या ध्यानीमनी नव्हतं. मग कुकरच्या आडोशानं तो बोलला. गोळ्या, शुगर, टकटक यंत्र, सगळं. बोलताना कधी नाही ती नजर वर केली.

राजश्री ओट्याला टेकली.

"म्हणजे माझा वीट नव्हता आला?"

"न्हाई गं. तुझ्यासाठीच तर चाललंय हे."

"मग सांगायला काय झालं होतं? माडगं ढवळून ढवळून हात भाजलेत माझे!" ती रडत होती की हसत होती, त्याला कळेना. "भात करपला बघा तुमच्यापायी."

पुढच्या खेपेला एसटीत ती खिडकीशी बसली होती. डॉक्टर अवधूतना तिनं सरळ विचारलं, "ह्यानं फरक न्हाई पडला तर?" डॉक्टरांनी पुढचे उपाय सांगितले आणि म्हणाले, "तुम्ही सोबत आलात, हेही उपचारातच धरा."

त्याच आठवड्यात तिचं अंथरूण आत आलं. "गुडघ्यांना तेल लावून दिलंय," ती सासूला म्हणाली.

पुढं काही आठवड्यांनी फरक दिसला. पूर्वीसारखं नाही, पण आहे. गोळी आता लागू पडते. एकदा तर गोळीशिवायही जमलं. राजश्री खूश आहे. रविकिरणही खूश आहे, फक्त त्याला झोप लागत नाही. मिलमध्ये नव्या पोरांना तो पहिला धडा हाच देतो: बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशानं सुधारलं ते कळतं. इथं तर त्यानं सगळंच एकदम बदललं. ठोके, शुगर, चालणं आणि कुकरशेजारचं ते बोलणं. केवळाबाईच्या हट्टापायी माडगंसुद्धा चालू आहे, "पुन्हा व्हायला नको" म्हणून.

"एकेक बंद करून बघायचं का?" त्यानं राजश्रीला विचारलं.

"एकाला तरी हात लावून बघा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली, त्याच्याकडं तोंड करून.

त्याच्या डोक्यात मात्र टकटक चालूच होती. मग सुधारलं ते नेमकं कशानं?