माजी खासदाराची चिठ्ठी

माझ्या आईला अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही, त्याला कारण मीच. हे मी इतकी वर्षं कुणाला धड सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं.

२००४ साली आम्ही टेक्सासमध्ये शुगर लँडला राहत होतो. नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनियर. सकाळी सहाला गाडी काढायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. मी अमरावतीच्या कोर्टात सहा वर्षं वकिली केलेली, चारचौघांत आवाज चढवून बोलणारी बाई. पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तिथे काम करायची परवानगी नव्हती. काळा कोट बॅगेत आणि मी किचनमध्ये. त्यात दिवस राहिलेले. आधीचं एक बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी फार हिंडूफिरू नका असं बजावलेलं. मला बाळंतपणाला आई हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

आईचा पहिला अर्ज मुंबईला नामंजूर झाला. रिटायर्ड शिक्षिका, विधवा, एकुलती एक मुलगी अमेरिकेत. ही बाई परत कशाला जाईल, असं खिडकीमागच्या माणसाला वाटलं असणार. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. पण हे समजून घेतल्यानं रडू थोडंच थांबतं?

आमच्या शेजारी एक डॉक्टरबाई राहायच्या आणि त्यांच्याकडे त्यांचे ऐंशीला टेकलेले वडील. मूळचे स्कॉटलंडचे, बायको गेल्यावर लेकीकडे आलेले. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, तर म्हणाले की पार्लमेंटात लोक याहून बरंच वाईट म्हणत. लेकीनं त्यांच्यामागे लकडा लावला होता की आयुष्यात काय काय केलं ते लिहून काढा. त्यांचा हात थरथरायचा. मला बसल्या बसल्या करण्यासारखं काही हवं होतं. ते सांगायचे, मी त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे. एक पैसा घेतला नाही, शेजारधर्म म्हणून करत होते.

काका आधी एका लहानशा गावात सॉलिसिटर होते. म्हणजे कोर्टात हातवारे करणारे वकील नव्हेत, कागद करणारे. मृत्युपत्रं, खरेदीखतं, मेंढरांच्या कुरणांच्या हद्दी. मग गावच्या कौन्सिलात गेले, मग खासदार झाले, आपले पेपरवाले ज्याला हुजूर पक्ष म्हणायचे त्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. मी अमरावतीला कामगारांच्या वकिलाची ज्युनियर होते, त्यामुळे टाइप करता करता आमची जुंपायची. पण भाषणांबद्दल ते फार सांगत नसत. त्यांचा सगळा जीव शनिवारात होता.

दर शनिवारी सकाळी ते गावच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसत. कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाच्या पोराला फौजेतून रजा मिळत नाही, कुणाच्या दारात गटार तुंबलेलं. ते ऐकून घेत, पत्र लिहीत, पत्राची प्रत फाइलला लावत, आणि त्या पत्राचं पुढे काय झालं ते फाइलच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहीत. ते लिहिल्याशिवाय फाइल बंद करायची नाही, असा त्यांचा नियम होता. अठरा वर्षं हे चाललं. मग एका निवडणुकीत सगळ्या स्कॉटलंडमधून त्यांच्या पक्षाचा एकही माणूस निवडून आला नाही. त्या शनिवारी ते सवयीनं हॉलवर गेले, तर टेबलाशी नवा खासदार बसलेला. हे थोडा वेळ लोकांच्या बाकावर बसले आणि घरी आले. हे सांगताना ते हसले. मला काही हसू आलं नाही.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायला लाज वाटते. पण आपल्याकडे नळाचं कनेक्शन हवं असलं तरी आमदाराची चिठ्ठी लागते, आणि इथे साक्षात खासदार माझ्या शेजारी! मी म्हटलं, काका, माझ्या आईसाठी पत्र द्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या पत्राला आता वजन नाही. आणि वजन नसलेलं पत्र कधी कधी नुकसान करतं, बाळ."

मी ऐकते कसली! मी वाद घातला, तुमचा शिक्का, तुमचं नाव, माजी तर माजी, असं बरंच काही बोलले. शेवटी रुसून दोन दिवस त्यांच्याकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. त्या उकाड्यात ते टाय लावून गॅरेजमध्ये घडीचं टेबल टाकून बसले होते, समोर एक रिकामी खुर्ची. माझ्या नावाची कोरी फाइल तयार होती.

पत्र त्यांनी सांगितलं, टाइप मी केलं. त्यात एक वाक्य होतं, की या बाईंची मुलगी रोज माझ्याकडे येऊन माझं सगळं कागदपत्रांचं काम करते, तिच्यावाचून माझं चाललं नसतं. अशिलाच्या एकेका शब्दावर भांडणारी मी, ते वाक्य वाचून फुशारले. स्तुतीला भुलले, दुसरं काय! पत्र आईला पाठवलं आणि फोन करून सांगितलं की पुन्हा अर्ज कर, मुलाखतीला हे पत्र अगदी वर ठेव, हातात दे.

आईनं तसंच केलं. ऑफिसरनं पत्र नीट, सावकाश वाचलं, त्यामुळे तिला आनंदच झाला. मग त्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, तुमची मुलगी यांच्याकडे काम करते का? तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई, आणि लेकीचा केवढा अभिमान! ती म्हणाली, हो, रोज करते, तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. जिला काम करायची परवानगी नाही, तिच्या आईनं हे सांगितलं. पुढचं त्यानं काही विचारलं नाही. पासपोर्ट परत दिला.

आईनं दादरच्या एका बूथवरून फोन केला. सगळं जसंच्या तसं सांगून झाल्यावर विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

मी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. कुणाला बोलणार? काकांनी आधीच बजावलं होतं. आईनं खरं सांगितलं होतं. ऑफिसरनं त्याचं काम केलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वर भीती अशी की आता यावरून नवऱ्याच्या व्हिसाला काही झालं तर? कितीतरी दिवस मी टपाल पेटीपाशीच उभ्या उभ्या फोडून वाचायचे.

शनिवारी काकांकडे गेले. ते फाइल घेऊन बसले होते. आईचं काय झालं, त्यांनी विचारलं. मला वाटलं, या म्हाताऱ्या माणसाला मीच भरीला घातलं, आता हे ओझं त्याच्या डोक्यावर कशाला? मी म्हटलं, अजून निर्णय नाही, आणखी कागद मागितलेत. त्यांनी मान हलवली आणि फाइल बाजूला ठेवली. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याही. मी दर वेळी तेच सांगितलं. खोटं बोलायची मला सवय होती, वकील आहे मी. पण त्या खुर्चीत बसून बोलताना मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मुलगी झाली तेव्हा आईनं तिचं रडणं फोनवर ऐकलं. "जरा अजून रडू दे तिला," म्हणाली. मी फोन बाळाच्या तोंडाशी धरून उभी राहिले.

त्यानंतर काकांनी कधी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. वय झालं, विसरले असतील, असं मी धरून चालले.

तीन वर्षांनी काका गेले. डॉक्टरबाईंनी एक खोकं माझ्याकडे आणून दिलं, टाइप केलेली पानं लावून देशील का म्हणाल्या. पानांच्या खाली माझी फाइल होती. पहिल्या पानावर मी सांगितलेली हकिगत, मग पत्राची प्रत, त्या एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ. शेवटच्या पानावर त्यांचं वाकडंतिकडं अक्षर.

"नामंजूर. माझ्या पत्रामुळे. तिला हे मला कळू द्यायचं नाही. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल."

तारीख पाहिली. आईच्या फोननंतरच्या पहिल्याच शनिवारची होती. म्हणजे त्या दिवशी माझा चेहरा पाहूनच त्यांना सगळं कळलं होतं. आणि त्यानंतर चार महिने, दर शनिवारी, ते टाय लावून मला विचारत राहिले होते की आईचं काय झालं.