पारासमोर बंद पडलेली मोटार

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. वरातीच्या मोटारीची बॅटरी माझ्यामुळे उतरली. ड्रायव्हरनं दोनदा बजावलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. पण बॅटरीचं मला फारसं काही वाटत नाही. त्यानंतर माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. माझा खरा अपराध तो, आणि तो मी बरीच वर्षं लपवला.

लग्न माझ्या धाकट्या भावाचं होतं. तो पूर्णेला रेल्वेत गँगमन होता. आमचं गाव चुडाव्याहून आत, कच्च्या रस्त्यावर. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी सुरू होऊन सात-आठ वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी आमच्या वस्तीतली घरं जाळली गेली, त्यात आमचंही होतं. आम्ही ती परत बांधली. भिंती उभ्या राहिल्या, पण वागण्याच्या जुन्या रीती तशाच राहिल्या. त्यातली एक अशी की गावात येणारा रस्ता वेशीतून मारुतीच्या पारासमोरून आमच्या वस्तीकडे जातो, तरी आमचा नवरदेव वेशीपाशी वाहनातून उतरायचा आणि मागच्या पांदीनं चिखल तुडवत घरी यायचा. असा हुकूम कुणी काढलेला नव्हता, पण उतरायचं हे लेकराबाळांनाही ठाऊक होतं.

मी ठरवलं, माझा भाऊ उतरणार नाही. तो आणि त्याची नवरी मोटारीत बसून पारासमोरून जातील, आणि टपावर भोंगा वाजत असेल.

मोटार पूर्णेहून भाड्यानं आणली होती. वेशीत आल्यावर मी भोंगा टपाला बांधला आणि त्याच्या मशीनच्या वायरी मोटारीच्याच बॅटरीला जोडल्या. वस्तीतली माणसं गोळा होईपर्यंत इंजिन बंद आणि बाबासाहेबांची गाणी चालू.

"भाऊ, ते काढा आधी," ड्रायव्हर म्हणाला. "बॅटरी उतरायलीय."

"पारापर्यंत वाजू द्या."

"पारापर्यंत गाडी तर जाऊ द्या."

निघताना सेल्फ कण्हतच लागला. तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं. मी आवाज आणखी वाढवला. लपून जायचं नव्हतं मला. आजही मी तेच केलं असतं.

माणसांच्या चालीनं सरकत मोटार बरोबर पारासमोर आली, एक आचका दिला आणि बंद पडली. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. नुसतं टक् टक् झालं. गाणं रेंगाळत, जाडं होत थांबलं. वायरी ओढून काढल्या, उपयोग झाला नाही. हँडल मारावं, तर ते पूर्णेलाच राहिलं होतं.

पारावर दहा-बारा जण बसले होते. एक म्हणाला, "काय रे, दम लागला का मोटारीला?"

"बैल देऊ का जुंपायला?" दुसरा.

त्यांच्यातला जो मोठा जमीनदार, तो मात्र हसला नाही. त्यानं मलाच विचारलं, "नवरदेवाला पाय न्हाईत का रे? उतरव की. इतके दिवस कसे जायलते तुमी?"

इथं माझा धीर सुटला. ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते मी एका क्षणात सोडून दिलं. खिडकीत वाकून भावाला म्हणालो, "उतर. पांदीनं जाऊ. गाडी मागून येईल."

त्यानं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला. शेजारी पांढऱ्या लुगड्यातली त्याची नवरी बसली होती. आदल्या दिवशीपर्यंत मी तिचं तोंडही नीट पाहिलेलं नव्हतं. तिनं त्याचा कोट धरला.

"आमी उतरणार न्हाई, दादा," ती मला म्हणाली. "बंद पडली तर ढकला की."

आमच्याकडं नवी सून थोरल्या दिराशी असं चारचौघांत बोलत नाही. पारावरून कुणीतरी म्हणालं, "घ्या, हिनंच हाकावी मोटार." सगळे हसले. त्या हसण्याचा राग मी तिच्यावर काढला. सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "काल आलीस अन् आज गाव पेटवतीस का?"

आमचं घर कुणी पेटवलं होतं ते मला माहीत होतं. त्यातले दोघे तर पारावरच बसलेले होते. तरी पेटवण्याचा आळ मी तिच्यावर घेतला, तिच्या लग्नाच्या दिवशी.

तिनं कोट सोडला नाही. भावानं पाय आत घेऊन दार ओढलं. आमची आत्या मागून आली, मला म्हणाली, "सरक बाजूला. हात लावायचा नसंल तर वाट तरी दे." तिनं पदर खोचला आणि डिकीला हात लावले. मग वस्तीतल्या बाया लागल्या, मग गडी.

"दुसऱ्या गिअरात टाकतो," ड्रायव्हर ओरडला, "थांबू नका आता."

पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा मोटार नुसती उसळली. दुसऱ्यांदा धूर सोडत चालू झाली. भोंगा मुका होता, म्हणून बायांनी आपल्या गळ्यानं गाणं धरलं. मोटार पार ओलांडून गेली आणि दोघं आत बसलेलीच होती. माझा हात मोटारीला लागला नव्हता.

गाव पेटलं नाही. गिरणीवाल्यानं महिनाभर आमचं दळण घेतलं नाही, आम्ही चुडाव्याहून दळून आणलं. त्यानंतर वस्तीतला एकही नवरदेव वेशीत उतरला नाही.

आणि श्रेय मला मिळालं. जयंतीला पोरं मला उभं करायची, 'वरात पारावरून नेणारे' म्हणून हार घालायची. मी बॅटरीची गंमत सांगायचो, बायांनी ढकलल्याचं सांगायचो, माझं वाक्य तेवढं वगळायचो. भावजय समोर बायांत बसून ऐकायची. घरात मी आलो की ती आत जायची, माझा चहा लेकरांच्या हाती यायचा.

विद्यापीठाला नाव मिळालं त्या वर्षीच्या जयंतीलाही मला उभं केलं. मी हार घालू दिला नाही. सगळी हकीकत सांगितली आणि या वेळी ते वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या दादा, जुनं झालं."

"जुनं न्हाई झालं," मी म्हणालो. मग तिच्याकडं वळलो. ती मान खाली न घालता माझ्याकडं पाहत होती.

"वरात तू नेलीस," मी म्हणालो. "मी भिलो होतो अन् माझं भ्याव तुझ्या माथी मारलं. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच सांगतो. मी चुकलो. मला माफ कर."